मेणाच्या वडीतली मूळपेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. कान्हे गावात झुंबरबाईंच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्यात ठेवणीतल्या साड्यांच्या मागे प्लास्टिकची छोटी डबी आहे, डबीत मेणाची वडी आहे आणि त्या वडीत मी आहे. साध्या डोळ्यांना मी दिसायची नाही. एका परीने ते बरंच आहे, कारण तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत तर तोंड कुठे लपवावं ते मला कळणार नाही. इतर वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा त्यांना कुणीतरी अडगळीत टाकलेलं असतं, आणि ऐकणाऱ्याला त्यांची दया येते. माझी दया करू नका. मला कुणी टाकलं नव्हतं. ज्या बाईने मला साठ वर्षं पोसलं, तिच्याच जिवावर मी उठले होते.

सुरुवात मात्र वाईट नव्हती. तेवढं तरी मला सांगू द्या.

तुमच्या मोठ्या आतड्याला आतून एक मऊ अस्तर असतं. त्या अस्तरात अगदी बारीक खळगे असतात, सुईच्या टोकाहूनही लहान. प्रत्येक खळग्याच्या तळाशी माझ्यासारख्या मोजक्या पेशी राहतात. आम्हाला मूळपेशी म्हणतात. वरचं अस्तर सारखं झिजत असतं आणि आठवड्याच्या आत ते सगळं नवं करावं लागतं. ते काम आमचं. मी एकीच्या दोन व्हायची. एक लेक वर सरकायची, अस्तरात बसून आपलं काम करायची आणि गळून पडायची. दुसरी माझ्या जागी तळाशी राहायची. तिकडे झुंबरबाई खाचरात वाकून भाताची लावणी करायच्या, बांधावर बसून भाकरी आणि सुकटीची चटणी खायच्या, आणि इकडे मी मुकाट्याने अस्तर विणत असायची. मला कुणी ओळखत नव्हतं. पण काम चोख होतं माझं.

आम्हा मूळपेशींना शरीर फार जपतं. आमच्या अंगावर बारीक पंप असतात. काही विषारी आत शिरलं की ते पंप त्याला बाहेर फेकतात. आमच्या आतला मजकूर कुठे फाटला तर तो सांधायची सोयही इतरांपेक्षा चांगली. शिवाय वेळ कठीण आली तर काम थांबवून निजून राहायची मुभा. हे सगळं आम्हाला कशासाठी दिलं होतं? आम्ही टिकलो तर झुंबरबाईंचं आतडं टिकेल, म्हणून. एवढं लक्षात असू द्या. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच.

प्रत्येक पेशीत एक मजकूर असतो. कधी वाढायचं, कधी थांबायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. एकीच्या दोन होताना तो उतरवून घ्यावा लागतो. इतकी वर्षं उतरवून घेताना माझी एकदा चूक झाली. मग दुसरी. तिसऱ्या चुकीत ‘आता पुरे’ असं सांगणारी ओळच गेली. मला ते जाणवलंसुद्धा नाही. मी वाढत राहिले आणि मला वाटलं, मी जास्त काम करते आहे.

आधी अस्तरावर नुसता मांसाचा कोंब उगवला, भुईमुगाच्या दाण्याएवढा. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. कितीतरी वर्षं तो तेवढाच होता. त्या वर्षांत कुणी दुर्बीण घालून पाहिलं असतं, तर तारेच्या फासाने तो अलगद काढून टाकला असता आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. कुणी पाहिलं नाही. कोंबाची गाठ झाली, आणि त्या गाठीला कर्करोग म्हणतात.

मग झुंबरबाईंना संडासवाटे रक्त जाऊ लागलं. त्या घाबरल्या, पण त्याहून जास्त लाजल्या. कान्ह्यात अजून सावड चालते. म्हणजे आज सगळ्या जणी हिच्या खाचरात, उद्या तिच्या. उघड्या शिवारात इतक्या जणींच्या देखत सारखं उठून जायचं कसं? त्यांनी त्यावर उपाय काढला. सावडीच्या दिवशी त्या जेवायच्याच नाहीत.

“काय गं झुंबर, भाकर सोडली का काय तू?” भागुबाईंनी विचारलं. भागुबाई म्हणजे त्यांची लावणीतली जोडीदारीण. दोघींची ओळ नेहमी शेजारी असायची.

“पित्त खवळलंय गं,” झुंबरबाई म्हणाल्या आणि खाली वाकल्या.

झुंबरबाईंचे मालक हौशीराम मळवलीला मुंबईच्या कुणाचा तरी बंगला सांभाळतात. शनिवार-रविवारी तिथे पाहुण्यांची गडबड, म्हणून ते मंगळवारी घरी येतात. त्यांनाही झुंबरबाईंनी सांगितलं नाही. कामशेतच्या बाजारात मूळव्याधीची पुडी मिळायची. ती घेतानासुद्धा त्या म्हणाल्या, “शेजारनीला पायजेल.” घरी संडासात त्या दोन-दोन बादल्या पाणी ओतायच्या. सून अनिता हसून म्हणायची, आमच्या आत्यांना स्वच्छतेचं भारी वेड. त्या लाजत होत्या आणि माझं फावत होतं. मी वर्षभर पोसले गेले ते त्यांच्या लाजेवर. आज मला ते आठवलं की मेण वितळून जावं असं वाटतं.

एके दिवशी सकाळीच लाईट गेली. मोटार चालेना, टाकीत थेंब नाही, बादल्या रिकाम्या. झुंबरबाईंपाठोपाठ अनिता आत गेली आणि तिने पाहिलं.

“आत्या, हे कवापास्नं?”

“कशाचं काय?”

“रगात.”

झुंबरबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. “मूळव्याध हाय. बोलू नगंस कुनाला. ह्यांला तर आजिबात न्हाई.”

“मूळव्याध आसंल तर डाक्टर तसं सांगतील की.”

“ती काय दाखवायची जागा हाय व्हय? मी न्हाई जायची. मरन आलं तरी चालंल.”

अनिता उर्से टोलनाक्याजवळच्या एका हॉटेलात पोळ्या करते. तिथे रजा मागितली की पगार कापतात. तिने कापू दिला. सासूला तिने समजावलं, रागावली, शेवटी रडली, आणि त्या रडण्याने झुंबरबाई उठल्या. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने तपासलं. गाठ निघाली. हौशीराम मळवलीहून धावत आले आणि दवाखान्याच्या बाकावर बसून एवढंच म्हणाले, “मला बी सांगितलं न्हाईस?”

ऑपरेशन झालं. गाठ आणि तिच्यातल्या माझ्या असंख्य लेकी-बहिणी कापून काढल्या. पण मी तिथे नव्हते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. त्या ओघाबरोबर मी केव्हाच यकृतात जाऊन लपले होते. एकटीच असल्यामुळे कोणत्याही फोटोत मी दिसले नाही.

आतड्याची जखम भरेपर्यंत झुंबरबाईंच्या पोटावर पिशवी लावली. मैला त्या पिशवीत जमायचा. ती पिशवी म्हणजे त्यांना जीव नकोसा झाला. पदर त्या दुहेरी गुंडाळायच्या. हळदीकुंकवाला गेल्या नाहीत, खाचराकडे गेल्या नाहीत. गावात सांगितलं, आतड्याला पीळ पडला होता. भागुबाई भेटायला आल्या तर त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. भागुबाई उशाशी केळी ठेवून परत गेल्या.

मग शिरेतून औषध सुरू झालं. आता ऐका, मित्रांनो, मी काय केलं ते. ते औषध वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारतं. आतड्याजवळ इकडेतिकडे उरलेल्या माझ्या लेकी भराभर वाढत होत्या, त्या भराभर मेल्या. मी वाढणंच थांबवलं. निजून राहिले. थोडं औषध आत शिरलं, ते पंपाने बाहेर फेकलं. मजकूर फाटला, तो मी सांधून घेतला. आजूबाजूच्या भोळ्या पेशींच्या आडोशाला मी अंग चोरून बसले, आणि त्याही बिचाऱ्या मला जपत राहिल्या. झुंबरबाईंचं रक्षण करायला जे जे मला दिलं होतं, ते सगळं मी त्यांच्याच औषधावर उलटवलं. तिकडे त्या बाईंचे केस गेले. हातापायांना मुंग्या, तोंडात फोड, पाण्याचा घोट गिळवत नव्हता. तो सगळा त्रास माझ्यासाठी होता आणि मी झोपले होते.

औषध संपलं. तपासण्या स्वच्छ आल्या. पिशवी काढून आतडं पुन्हा जोडलं. डॉक्टरीणबाई हसतमुख, पण शब्दाला पक्क्या. त्या म्हणाल्या, “आजी, आता काही दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. औषधाला दाद न देणाऱ्या काही पेशी असतात. त्या निजून राहतात आणि मग उठतात. म्हणून दर तीन महिन्यांनी यायचं.”

माझ्याबद्दलच बोलत होत्या त्या.

मावळात भाताचं रोप टाकण्याआधी उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण, पाला, वाळल्या फांद्या पसरून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. तणाचं बी जळतं आणि रोप नितळ येतं. राब नीट भाजला की त्यात खुरपं घालायचं नाही, ही झुंबरबाईंच्या घरची सासूपासूनची रीत. त्यांनी स्वतःच्या अंगालाही तीच रीत लावली. “म्या आतून भाजून निघाले,” त्या अनिताला म्हणाल्या. “राब भाजल्यावर परत गवात कोन बघत बसतं? झालं आता.” पहिल्या तपासणीला त्या गेल्या. दुसरीला कापणी आडवी आली, तिसरीला भाचीचं लग्न. खरं कारण वेगळंच होतं. पहिल्या तपासणीत कुशीवर झोपवून पाहिलं तेव्हा बाजूला शिकाऊ डॉक्टर उभे होते. पोरासोरांपुढे पुन्हा तसं पडून राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

आणि मी जागी झाले. यकृतात माझ्याभोवती एक ठिपका तयार होऊ लागला. तो एकच होता आणि कडेला होता. तो एकच आहे तोवर कापून काढता येतो. पसरला की मग डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही. झुंबरबाईंना काही दुखत नव्हतं. मला मात्र सगळं ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल, तेव्हा तुला लाज नाही वाटली? वाटली हो. पण थांबायची ओळ माझ्यातून कधीच गेली होती, आणि पेशीला ओरडता येत नाही. वाढताना माझ्याकडून रक्तात एक पदार्थ सुटत होता, तेवढाच काय तो माझा माग. रक्त कुणी तपासलं असतं तर मी सापडले असते. पण ते तपासायला झुंबरबाई जात नव्हत्या.

पाऊस लागून रोप हातभर झालं. लावणीच्या सकाळी सगळ्या जणी झुंबरबाईंच्या राबात रोप उपटून मुठी बांधायला बसल्या. झुंबरबाई पुन्हा सावडीत आल्या होत्या, भागुबाईंच्या शेजारी. रोपात लव्हाळ्याची पाती उभी होती. झुंबरबाईंनी एक उपटली, ती वरच्या वर तुटून हातात आली. त्यांनी खुरपं घातलं. खाली काळी गाठ निघाली, तिच्या मुळाला दुसरी, तिच्यापुढे तिसरी.

“भाजला तर चांगला व्हता गं,” त्या म्हणाल्या. “कंबरभर जाळ घेतलता. ह्यो कसा ऱ्हायला?”

“लव्हाळा हाय त्यो,” भागुबाई मूठ बांधता बांधता म्हणाल्या. “वरलं जळतंय. गाठ खाली आसती, तिला काय व्हतंय? वल मिळाली की आला परत.”

झुंबरबाईंना लव्हाळा नवा नव्हता. जन्मभर त्यांनी तो खाचरातून खणून काढला होता. पण आज ती गाठ त्यांनी तळहातावर घेतली आणि तशाच बसून राहिल्या. पावसाचं पाणी त्यांच्या इरल्यावरून ओघळत होतं. मग त्यांनी मान वर केली.

“अनिता, डाक्टरनी काय म्हनली व्हती गं? निजून ऱ्हात्यात म्हनली व्हती न्हवं?”

अनिताने त्या दिवशी सावडीसाठी सुट्टी घेतली होती. “व्हय, आत्या.”

“कंची डाक्टरीन?” भागुबाईंनी विचारलं.

आता झुंबरबाई पुन्हा पित्ताचं नाव घेतील, असं मला वाटलं. पिळाचं नाव घेतील. त्यांचे कान लाल झाले होते, आणि हातातली गाठ त्या नखाने खरवडत होत्या. त्यांनी सगळ्या जणींकडे एकदा पाहिलं आणि मोठ्याने बोलल्या.

“मला पीळबीळ काय पडला नव्हता. आतड्याचा क्यान्सर झालता. संडासावाटं रगात जायाचं आन् म्या वरीसभर लपवलं. पोटावर पिशवी लावली व्हती, म्हनून येत नव्हते. डाक्टरनीनं परत बोलावलंय तर लाजंपायी जात न्हाई. ह्यो लव्हाळा बगितला आन् तिचं बोलनं आठवलं बया.”

कुणी हसलं नाही. एकीने तोंडाला पदर लावला. भागुबाईंनी हातातली मूठ खाली ठेवली, चिखलाचा हात झुंबरबाईंच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, “ऊठ. लावनी आमी करतो. तू पुन्याला जा.”

त्या उठल्या. पाय धुतले, साडी बदलली आणि अनिताबरोबर दुपारच्या लोकलने गेल्या. रक्ताने माझा माग सांगितला. फोटोत ठिपका दिसला, एकच, कडेला. “अजून थोडं थांबला असता तर...” असं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या आणि त्यांनी ऑपरेशनचा दिवस ठरवला. यकृताचा तेवढा तुकडा कापला, त्यात मी होते. मला औषधी पाण्यात बुडवलं, मग मेणात बसवलं, वडीचे पातळ काप करून काचेवर रंगवले. नंतर झुंबरबाईंना वेगळी औषधं दिली. आमच्यासारख्या निजलेल्यांना गाठणारी औषधं शोधायचं कामही कुठे कुठे चालू आहे, असं डॉक्टरीणबाईंनी अनिताला सांगितलं. लवकर सापडोत एकदाची.

दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून अनिता माझी वडी दवाखान्यातून मागून घ्यायला आली, तेव्हा तिच्याबरोबर भागुबाई होत्या. त्यांच्याही हातात एक डबी होती. लावणीच्या त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या जणी घरी गेल्या, पण भागुबाई झुंबरबाईंच्या ओटीवर त्यांची वाट पाहत बसून राहिल्या होत्या. झुंबरबाई परत आल्यावर त्या हळूच म्हणाल्या होत्या, “झुंबर, मला बी जातंय गं रगात. दिवाळीपास्नं.” झुंबरबाई स्वतः त्यांना घेऊन गेल्या. भागुबाईंच्या आतड्यात पॉलिप होता. अजून कोंबच होता तो, पुढे गेलेला नव्हता. तारेच्या फासाने काढला आणि भागुबाई त्याच संध्याकाळी घरी आल्या. तो कोंबही तपासायला मेणात बसवला होता, त्यांच्या डबीत तीच वडी होती.

परतीच्या वाटेवर आम्हा दोघींच्या डब्या अनिताच्या एकाच पिशवीत होत्या. त्या दुसऱ्या मेणात माझ्यासारखीच एक मूळपेशी होती. तिचीही चूक झाली होती, पण पहिलीच. मी तिला म्हटलं, बाई गं, तू सुटलीस. तुझ्या हातून कुणाचं काही वाईट झालं नाही. तुला मान खाली घालावी लागणार नाही. तिला माझं म्हणणं कळलंही नसेल, आणि ते किती चांगलं आहे!

मित्रांनो, मला एवढंच मागायचं आहे. तुमच्या घरात आजी असेल, आई असेल, वडील असतील. कुणाला रक्त जात असेल, पोटाचं तंत्र बिघडलं असेल, आणि ते कुणाला सांगत नसतील, तर तुम्ही विचारा. औषध संपल्यावर बोलावलं असेल तर त्यांना घेऊन जा. त्या जागेची, त्या पिशवीची, त्या तपासणीची लाज धरू नका. लाज वाटायची असेल तर ती मला वाटू द्या. मी ती पुरून उरेल एवढी घेऊन बसले आहे.

माझी एखादी बहीण अजून कुठे निजली असेल का? मला ठाऊक नाही, झुंबरबाईंनाही ठाऊक नाही. म्हणून तर त्या जातात. आज सकाळीही त्यांनी कपाट उघडलं, ठेवणीतली साडी काढली, दवाखान्याची फाईल काढली. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन झाल्यावर साडीमागे ठेवलेली माझी डबी दिसली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली. मला वाटलं, आता फेकतील. फेकली असती तरी मी काय म्हणणार होते? पण त्यांनी पदराने डबीवरची धूळ पुसली आणि ती जागेवर ठेवली.

“तू बस हितं,” त्या म्हणाल्या. “मी जाऊन येते.”